बालपक्षाघात, वय वर्षे ३९

१९१६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात लहान मुलांचे हातपाय एकाएकी लुळे पडू लागले. त्या एका हंगामात शहरात सुमारे ९,००० जणांना हा आजार झाला आणि २,४०० च्या आसपास रुग्ण दगावले. बहुतेक सगळे पाच वर्षांच्या आतले. आजाराचे रूढ इंग्रजी नावच मुळी बालपक्षाघात अशा अर्थाचे होते. पोलिओ हे सुटसुटीत नाव पुढे रुळले. ज्यांना परवडत होते त्यांनी मुलाबाळांना घेऊन शहर सोडले. अमेरिकेच्या नौदल खात्याचे ३४ वर्षांचे सहायक मंत्री फ्रँकलिन डी. रूझवेल्ट यांचे कुटुंब त्या वेळी कॅनडाच्या किनाऱ्याजवळच्या कॅम्पोबेलो बेटावर, उन्हाळ्याच्या घरी होते. रूझवेल्ट यांनी बायकोला आणि पाच मुलांना तिथेच थांबवून ठेवले. शरद ऋतूत साथ ओसरली तेव्हाही आगगाडीच्या गर्दीतून मुलांना आणण्याचा धोका त्यांनी पत्करला नाही. नौदलाचे डॉल्फिन हे जहाज पाठवून मंडळींना परत आणवले.

काळजी होती ती मुलांची. चौतिशीतल्या, पोहणाऱ्या, गोल्फ खेळणाऱ्या, शिडाची होडी चालवणाऱ्या सहा फुटी माणसाने या आजाराला स्वतःसाठी भ्यावे, असे त्या काळी कोणी डॉक्टरही म्हणाला नसता. पाच वर्षांनी त्याच बेटावर, त्याच घरात काय घडले ते बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र त्या घटनेभोवती जो वैद्यकीय वाद उभा राहिला, तो आजही पुरता मिटलेला नाही. धडधाकट, तरण्याताठ्या माणसाला विषाणूजन्य आजार काय करणार, हा प्रश्न आपण अलीकडेच सगळ्यांनी मिळून चघळला आहे, म्हणून ही कहाणी जरा सविस्तर पाहू.

रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कचा. घर गर्भश्रीमंत. आई सारा हिचा हा एकुलता एक मुलगा. १४ वर्षांचा होईपर्यंत तो जवळजवळ शाळेत गेलाच नाही. शिक्षक घरी येत. हडसन नदीकाठची विस्तीर्ण वाडी, घोडे, बोटी, युरोपच्या सफरी सगळे होते. नव्हती ती चाळीतल्या किंवा गल्लीतल्या पोरांची धक्काबुक्की. ग्रोटनच्या निवासी शाळेत गेल्यावर मात्र स्कार्लेट फीव्हरसारखे पोरवयातले आजार एकामागून एक चिकटू लागले. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढे तो कामी येतो.

हार्वर्ड, मग कोलंबियात कायद्याचे शिक्षण, १९०५ मध्ये एलिनॉर यांच्याशी लग्न, १९१० मध्ये राज्याच्या सिनेटवर निवड, १९१३ पासून नौदल खाते. एकूण चढती कमान. आजारांनी मात्र या माणसाला वारंवार गाठले. १९१२ मध्ये ऐन निवडणुकीत विषमज्वर झाला. प्रचार लुई हाऊ या मदतनीसाने एकट्याने रेटला आणि उमेदवार अंथरुणात असताना निवडून आला. सप्टेंबर १९१८ मध्ये महायुद्धाच्या आघाडीची पाहणी करून लेव्हायथन जहाजाने परतताना त्यांना इन्फ्लुएन्झा झाला आणि दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया उतरला. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्यांना स्ट्रेचरवरून उतरवावे लागले. (सामान लावताना एलिनॉर यांच्या हाती दुसऱ्या बाईची पत्रे लागली आणि घरात वादळ उठले, तो वेगळाच विषय.) वय ३६. त्या साथीचे विचित्र लक्षण हेच होते की ती २० ते ४० या वयोगटावर तुटून पडली. एरवीचा फ्लू तान्ह्यांना आणि म्हाताऱ्यांना नेतो. हा भर उमेदीतल्यांना नेत होता. आपल्या मुंबई इलाख्यातही त्या वर्षी असेच घडले. रूझवेल्ट वाचले. सैनिक म्हणून आघाडीवर जायची त्यांची इच्छा होती, पण अंथरुणातून उठेपर्यंत युद्धच संपत आले.

१९२० मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरल्यावर ते खासगी नोकरीत शिरले. १९२१ चा जुलै दगदगीचा गेला. नौदलातल्या एका जुन्या प्रकरणावरून सिनेटच्या समितीने त्यांच्यावर ठपका ठेवला, त्याला उत्तर देण्यासाठी वॉशिंग्टनच्या उकाड्यात धावपळ झाली. २८ जुलैला न्यूयॉर्कच्या उत्तरेला बेअर माउंटन इथे बालवीरांच्या शिबिराला त्यांनी हजेरी लावली. शेकडो मुले, एकत्र जेवण. संसर्ग तिथेच झाला असावा असा बहुतेक अभ्यासकांचा कयास आहे. सिद्ध करता येत नाही, पण दिवसांचा हिशेब जुळतो. तिथून एका मित्राच्या नौकेतून ते कॅम्पोबेलोला निघाले आणि वाटेत मासेमारी करताना फंडीच्या उपसागराच्या गारठवणाऱ्या पाण्यात पडले.

१० ऑगस्टचा दिवस त्यांनी असा घालवला. सकाळी मुलांसह होडी बाहेर काढली. एका बेटावर वणवा पेटलेला दिसला, तो फांद्यांनी झोडपून विझवला. मग धावत जाऊन तळ्यात डुंबले, नंतर समुद्राच्या थंड पाण्यात बुडी मारली, परत धावत घरी आले आणि ओल्या कपड्यांतच टपाल वाचत बसले. अंगात कणकण भरली. जेवण न करता ते वर झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी उठताना एक पाय लटपटला. ताप १०२ अंशांवर. मग दुसराही कमजोर. १२ तारखेला उभे राहता येईना.

जवळच्या लुबेक गावचे डॉक्टर बेनेट आले. त्यांना हे जोराचे पडसे वाटले. पायांतली शक्ती जात चालल्यावर शोधाशोध झाली आणि जवळपास सुट्टीवर आलेले फिलाडेल्फियाचे नामांकित शल्यचिकित्सक विल्यम कीन यांना बोलावण्यात आले. कीन यांचे वय ८४. मेंदूच्या शस्त्रक्रियेतले अमेरिकेतले आद्य नाव. १८९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांच्या जबड्यातली गाठ एका नौकेवर गुपचूप काढली गेली, त्या पथकातही ते होते. त्यांनी तपासून निदान केले, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत रक्ताची गुठळी. उपाय, पायांना जोरदार मालिश. बिल ६०० डॉलर.

एलिनॉर आणि लुई हाऊ रात्रंदिवस पाय चोळत बसले. पाय इतके हुळहुळे झाले होते की चादरीचा स्पर्शही सोसवेना. पुढे हातांतली ताकद कमी झाली, चेहऱ्याच्या स्नायूंवर परिणाम दिसला, लघवी तुंबली. नळी घालण्याचे काम एलिनॉर यांनी शिकून घेतले. तापाच्या दिवसांतले असे मालिश पोलिओत अपायकारक मानले जाते.

कीन यांना हसण्यात अर्थ नाही. समोर ३९ वर्षांचा माणूस होता आणि आजाराच्या नावातच बालक होते. नाव कधी कधी निदानाच्या आड येते, त्याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. रूझवेल्ट यांचे मामा फ्रेडरिक डेलानो यांना मात्र पत्रातून कळलेली लक्षणे पटेनात. त्यांनी बोस्टनच्या तज्ज्ञांना गाठले. तिथल्या सॅम्युएल लेव्हाइन या तरुण डॉक्टरने रुग्ण न पाहता, नुसत्या वर्णनावरून पोलिओची शंका घेतली. २५ ऑगस्टला या विषयातले जाणकार रॉबर्ट लव्हेट बेटावर पोहोचले, त्यांनी निदान पक्के केले आणि मालिश थांबवले. तोवर दोन आठवडे उलटले होते. लव्हेट पहिल्या दिवशी आले असते तर पाय वाचले असते का? नाही. पोलिओवर तेव्हा औषध नव्हते. आजही नाही.

आता जरा विज्ञानाकडे. पोलिओ विषाणूमुळे होतो हे १९०८ मध्ये व्हिएन्नात लँडस्टायनर आणि पॉपर यांनी दाखवले होते. विषाणू तोंडावाटे शिरतो, आतड्यात वाढतो, विष्ठेतून बाहेर पडतो. बहुसंख्यांना काहीच होत नाही, काहींना किरकोळ ताप किंवा पोट बिघडणे. थोड्यांच्या बाबतीत तो मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचतो आणि त्या मारतो. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. म्हणून गेलेला पाय बहुधा गेलाच.

यात वयाचा खेळ उलटा आहे. तान्हेपणी, आईकडून मिळालेली प्रतिपिंडे अंगात असताना विषाणूशी गाठ पडली तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही आणि जन्माचे संरक्षण मिळते. एकोणिसाव्या शतकापर्यंत घाण पाण्याच्या कृपेने जवळजवळ प्रत्येक मुलाची ही गाठ पडत असे. नळाचे शुद्ध पाणी आणि बंदिस्त गटारे आल्यावर ती लांबणीवर पडली. मूल मोठे झाले, मायेचे कवच विरले आणि मग विषाणू भेटला. मोठ्या वयात हा आजार जास्त जोराने येतो. ठोकळ अंदाज असा की संसर्ग झालेल्या मुलांत हजारामागे एखाद्याला अर्धांगासारखा परिणाम होतो, तर प्रौढांत ७५ जणांमागे एकाला. लुळेपणा आलेल्या मुलांत मृत्यूचे प्रमाण २ ते ५ टक्के, तर प्रौढांत १५ ते ३० टक्के. म्हणजे आजार क्वचित गाठतो, पण गाठल्यावर प्रौढाला अधिक मोडतो. हाइड पार्कच्या वाडीत एकटा वाढलेला मुलगा या गणितात नेमका बसतो. त्यातून आणखी एक गोष्ट. पुढे ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ रिची रसेल यांच्या निरीक्षणात आले की लुळेपणा सुरू होण्याच्या आगेमागे जो रुग्ण अंगमेहनत करतो त्याचे स्नायू अधिक जातात. वणवा, धावणे, पोहणे हे सगळे करणारा माणूस आपल्या तब्येतीच्याच भरवशावर होता.

१३ सप्टेंबरला स्ट्रेचरवरून, होडीतून, मग आगगाडीच्या डब्याच्या खिडकीतून आत सरकवून त्यांना न्यूयॉर्कला नेण्यात आले. वर्तमानपत्रांत बातमी आली ती ते बरे होणार अशा आश्वासनासह. प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमधून ऑक्टोबरअखेर घरी पाठवताना कंबरेखालच्या स्नायूंत म्हणावी तशी सुधारणा नव्हती. पुढची सात वर्षे या माणसाने पायांच्या मागे घालवली. सूर्यस्नान, समांतर दांड्या, कुबड्या, पोलादी पट्ट्यांचे जड कॅलिपर. १९२४ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या कोमट झऱ्यांची माहिती मिळाली. पाणी सुमारे ३१ अंश सेल्सिअस. खनिजांमुळे अंग तरंगते, लुळे पाय हलवता येतात. पाय बरे झाले नाहीत, मन झाले असावे. १९२६ मध्ये त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा भाग घालून ते मोडकळीला आलेले ठिकाणच विकत घेतले आणि पोलिओग्रस्तांसाठी उपचारकेंद्र उभारले. तिथे मुलांच्या बरोबरीने प्रौढ रुग्णही येत. कृष्णवर्णीयांना मात्र प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी टस्कीगी इथे वेगळे केंद्र निघायला १९४१ उजाडले. रूझवेल्ट यांचे गुणगान करताना हा भाग बहुतेक लेखांत गाळला जातो.

१९२८ मध्ये ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून निवडून आले, १९३२ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून. या काळात एक नवा वाद पेटला. ज्याचे पाय चालत नाहीत त्याचे डोके आणि हृदय ठीक असेल कशावरून? पोलिओ मेंदूपर्यंत चढतो अशी कुजबुज विरोधकांनी चालवली. १९३१ मध्ये लिबर्टी नियतकालिकातल्या एका लेखासाठी तीन डॉक्टरांच्या मंडळाने त्यांना तपासले आणि पदासाठी ते समर्थ असल्याचा निर्वाळा दिला. उत्तर बरोबरच होते. पोलिओ बुद्धीला हात लावत नाही. तरी रूझवेल्ट यांनी लोकांसमोर आपले अपंगत्व झाकूनच ठेवले. एका हाताने काठी, दुसऱ्याने मुलाचा दंड धरून, कंबरेतून पाय पुढे फेकत ते चार पावले टाकत आणि पाहणाऱ्याला चालल्याचा भास होई. चाकाच्या खुर्चीतली त्यांची छायाचित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. यात लबाडी किती आणि गरज किती हे ज्याचे त्याने ठरवावे. मला वाटते, त्या काळच्या मतदाराने खुर्चीतल्या माणसाला निवडले नसते आणि रूझवेल्ट यांना ते माहीत होते.

मंदी, नवी आर्थिक धोरणे, दुसरे महायुद्ध, चार वेळा निवड, हे सगळे इतिहासाच्या पुस्तकांत आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे १९३८ हे साल. त्यांनी बालपक्षाघातासाठी राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापले आणि कारभार जुने भागीदार वकील बॅसिल ओकॉनर यांच्याकडे सोपवला. प्रत्येकाने एक डाइम, म्हणजे दहा सेंटचे नाणे, व्हाइट हाउसला पाठवावे असे आवाहन झाले. टपालाच्या पोत्यांनी व्हाइट हाउस भरून गेले. संशोधनाला सरकारी पैसा मिळण्याआधीच्या त्या काळात या चिल्लरीवर विषाणूशास्त्राच्या प्रयोगशाळा चालल्या. इकडे आजाराचे वयही सरकत होते. १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या पोलिओ रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश १५ वर्षांवरचे होते. नावातले बालक तरुण झाले होते.

हे पाहायला रूझवेल्ट नव्हते. १९४४ च्या मार्चमध्ये डॉ. हॉवर्ड ब्रुएन यांनी तपासले तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता आणि हृदय थकलेले. प्रभावी औषध त्यावरही नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज इथे मेंदूत रक्तस्राव होऊन, ६३ व्या वर्षी ते गेले. बरोबर दहा वर्षांनी, १२ एप्रिल १९५५ ला, मिशिगन विद्यापीठात थॉमस फ्रान्सिस यांनी साल्क लसीच्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर केले. सुमारे १८ लाख मुले त्या चाचणीत होती, खर्च प्रतिष्ठानाचा म्हणजे डाइमचा. लस परिणामकारक ठरली. भारतातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्यातला.

इथे कहाणी संपायला हवी होती. पण २००३ मध्ये आर्मंड गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहून जुने निदानच उलटे टांगले. त्यांच्या मते रूझवेल्ट यांना पोलिओ नव्हे, गिलां-बारे सिंड्रोम झाला असण्याची शक्यता अधिक. म्हणजेच जीबीएस. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात याची साथ आल्यापासून हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले आहे. यात विषाणू पेशी मारत नाही. एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या नसांवर उलटते. गोल्डमन यांचे मुद्दे असे की लुळेपणा दोन्ही पायांत जवळपास सारखा आणि खालून वर चढत गेला, चेहरा लुळावला, त्वचा हुळहुळी झाली, लघवी दीर्घकाळ अडली. आणि वय ३९. या वयात तेव्हा पोलिओ इतका विरळ होता की आकडेमोडीत पारडे जीबीएसकडे झुकते.

विरुद्ध बाजूही तगडी आहे. सुरुवातीलाच चांगला ताप होता, जो जीबीएसमध्ये सहसा नसतो. लुळेपणा कायमचा राहिला, तर जीबीएसचे बहुतेक रुग्ण बऱ्यापैकी सावरतात. दोन्ही बाजूंच्या स्नायूंची उरलेली ताकद नंतरच्या नोंदींत कमीजास्त दिसते, तेही पोलिओचे लक्षण. पाठीतल्या पाण्याच्या तपासणीचा निर्णायक अहवाल हाती नाही. मला स्वतःला पोलिओचीच बाजू भक्कम वाटते. गंमत अशी की १९२१ मध्ये ज्या युक्तिवादाने कीन चकले, तोच युक्तिवाद, म्हणजे एवढ्या वयाच्या धडधाकट माणसाला हा आजार कुठून होणार, ८२ वर्षांनी संख्याशास्त्राचा अंगरखा घालून परत आला. विरळ म्हणजे अशक्य नव्हे. संभाव्यता हजार माणसांबद्दल बोलते, समोरच्या खाटेवर मात्र एकच माणूस असतो.

बेअर माउंटनचा काही भाग न्यूयॉर्क राज्याच्या रॉकलंड परगण्यात येतो. जून २०२२ मध्ये याच परगण्यातल्या एका तरुणाला ताप आला, मान आखडली आणि पायांतली ताकद गेली. प्रतिकारशक्ती व्यवस्थित होती, पोलिओची लस मात्र घेतलेली नव्हती. डॉक्टरांना आधी मज्जारज्जूच्या दुसऱ्याच आजाराची शंका होती. शौचाच्या नमुन्यात लसजन्य दुसऱ्या प्रकारचा पोलिओ विषाणू निघाला. त्यानंतर रॉकलंड, शेजारचे ऑरेंज आणि न्यूयॉर्क शहर इथल्या सांडपाण्याचे नमुने तपासले. विषाणू तिथेही होता.